बाईसाहेबांचा चौथा सोमवार

महिपत आणि मंदाकिनीबाई टिपणीस यांची पहिली भेट सत्तेचाळीस सालच्या डिसेंबरात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर झाली, असं टिपणीसांच्या घरात सगळे सांगत. महिपतच्या मते ती भेट स्टेशनवरच सुरू झाली होती. स्टेशनाबाहेर त्याने एका टांगेवाल्याला टिपणीस वकिलांचं घर विचारलं. टांगेवाल्याने बोटसुद्धा उचललं नाही. "कान द्या आणि आवाजाच्या रोखानं चालू लागा," एवढंच तो म्हणाला.

महिपत चालू लागला. तलावपाळीशी आला तेव्हा कोणीतरी बाई कोथिंबिरीबद्दल बोलते आहे एवढं कळत होतं. जांभळी नाक्याला शब्द सुटे झाले. टेंभी नाक्यावर पोचेपर्यंत टिपणीसांच्या घरात माणसं किती, त्यांची दुखणी कोणती आणि कालच्या आमटीत मीठ दोनदा कोणी घातलं, हे सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं. दारातल्या पिंपळावर एकही कावळा नव्हता. आठ वर्षं महिपत त्या दारात राहिला, पण त्या पिंपळावर कावळा टिकलेला त्याने पाहिला नाही, असं तो शपथेवर सांगायचा. पितृपक्षात टिपणीसांना पान घेऊन तलावापर्यंत जावं लागे म्हणे. यातलं किती खरं धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. महिपत मूळचा साताऱ्याकडचा, लढाईत ब्रह्मदेशाच्या हद्दीवर लष्कराची लॉरी चालवून आलेला. "बाँब एकदाच फुटतो," तो म्हणायचा, "बाईसाहेब दम खाऊन पुन्यांदा फुटत."

ड्रायव्हर म्हणून त्याची परीक्षा बाईसाहेबांनीच घेतली. वकिलांची गाडी म्हणजे एक काळी, जाडजूड, म्हातारी विलायती बाई होती. बाईसाहेब पुढच्या सीटवर महिपतच्या डाव्या हाताला बसल्या, कारण मागे बसलं की रस्त्याला काही सांगता येत नाही. कळव्याच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं होतं.

"हळू. म्हैस आहे. डावीकडे म्हातारा बघ. भोंगा वाजवू नकोस, तो बहिरा आहे, त्याच्या मुलाचं लग्न मोडलं आत्ताच वैशाखात. खड्डा. अरे, खड्डा म्हटलं ना. ती सायकल आता वळणार, तोंडावरूनच कळतंय."

प्रत्येक सूचनेला महिपत एकच उत्तर देत होता. "दिसतंय, बाईसाहेब."

परत आल्यावर त्र्यंबकराव वकिलांनी विचारलं, "कसा आहे माणूस?"

"उलट बोलत नाही," बाईसाहेब म्हणाल्या. या एका गुणावर महिपतला नोकरी मिळाली आणि गाडीच्या खोपटामागची पत्र्याची खोलीही मिळाली. महिन्याभरात तो बायकोला, शेवंतीला, घेऊन आला. ती टिपणीसांच्या माजघरात निवडण्या-टिपण्याला जाऊ लागली.

बाईसाहेबांचं हे गाडीतलं बोलणं घरात थट्टेचा विषय होता. मुलगा आनंद म्हणे, "आई, त्याला डोळे आहेत." वकील म्हणत, "हिला गाडीत बसवलं की भोंग्याची गरज नाही, सरकारने करात सूट द्यायला हवी." बाईसाहेब रुसत, दोन फर्लांग गप्प बसत आणि तिसऱ्या फर्लांगाला शेळी आडवी येई.

महिपतचे डोळे बावन्न साली बिघडायला लागले. आधी दिव्यांभोवती कडी दिसू लागली. मग दिवसासुद्धा, कोणीतरी समोर ताक ओतून ठेवल्यासारखा रस्ता पांढुरका होऊ लागला. एकदा कोपिनेश्वराच्या देवळापाशी बाईसाहेब म्हणाल्या, "महिपत, बैल." महिपतने सवयीने "दिसतंय" म्हटलं आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढच्या बंपरापासून हातभर अंतरावर एक अख्खा बैल रवंथ करत बसला होता. महिपतला तो थांबल्यानंतर दिसला.

त्या दिवसापासून महिपत बाईसाहेबांचं बोलणं कान देऊन ऐकू लागला. त्या घरात ते तसं ऐकणारा तो एकटाच होता.

ठाण्यातले रस्ते त्याला पाठ होते. कोर्ट, स्टेशन, जांभळी नाका, नौपाडा. कुठे उतार, कुठे वळणावर पानाची गादी, सगळं पायांना आणि हातांना माहीत होतं. जे पाठ करता येत नाही, म्हणजे गुरं, पोरं, सायकली, ते बाईसाहेब सांगत. वकील एकटे असले तर महिपत इतकी हळू गाडी हाके की वकिलांना वाटे, हा आपल्या मोठेपणाला शोभेलसं चालवतो. दिवेलागणीनंतर डायनॅमो कुरकुरतो, तेव्हा रात्री गाडी काढू नये, असं त्याने घरात बिंबवलं होतं. असा तीन वर्षं तो निभावून गेला.

खरं काय ते फक्त शेवंतीला माहीत होतं.

"सांगून टाका की वकिलास्नी," ती म्हणे. "मोठी मानसं हाईत. डागदरला दावतील."

"डागदर काय करनार? चुलत्याच्या डोळ्यात वैदूनं सुई घातली. हुतं तेवढं बी ग्येलं. आन सांगितलं की उद्या दुसरा ड्रायव्हर येनार. त्याला ही खोली लागंल. मग आपन कोपरला तुज्या भावाच्या पडवीत बसायचं का?"

शेवंती तांदळातले खडे वेचू लागे. कोपरच्या पडवीत तिने एक पावसाळा काढला होता.

आता बाईसाहेबांच्या सोमवारांकडे यायला हवं. आनंदचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. सून उत्तरा गुणाची, पण दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा घात झाला होता. पंचावन्न साली तिला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि बाईसाहेबांनी देवाला आपल्याजवळची सर्वांत मोठी गोष्ट देऊ केली. श्रावणातले चारही सोमवार, सकाळच्या अंघोळीपासून संध्याकाळी उपास सोडेपर्यंत, मौन. तोंडातून शब्द गेला तर व्रत मोडलं. आणि व्रत मोडलं तर काय, हे घरात कोणी उच्चारलं नाही.

पहिल्या सोमवारी आळीतल्या चार बायका खात्री करायला आल्या. त्र्यंबकरावांनी कोर्टाचे कागद घरी आणले आणि इतक्या शांततेत आपल्याला वाचता येत नाही म्हणून दुपारी परत नेले. बाईसाहेबांच्या हातांना मात्र वाचा फुटली होती. त्या खुणांनी स्वयंपाक करवून घेत, खुणांनी रागवत आणि एकदा तर खुणांनी त्यांनी मोलकरीण हौसाबाईला तिच्या सासरचा पूर्वेतिहास सांगितल्याचं शेवंतीने डोळ्यांनी पाहिलं. त्या तीन सोमवारी त्या गाडीत बसल्या नाहीत, त्यामुळे महिपतला त्याचं काही वाटलं नाही.

वनभोजनाची टूम आनंदने काढली. उत्तराला पाचवा महिना होता आणि रानात जाऊन जेवावं असे डोहाळे लागले होते. बोरिवलीकडचं जंगल सरकारने राष्ट्रीय उद्यान करून टाकलं होतं, आत मोटार जाईल असा रस्ता होता आणि पंधरा ऑगस्टची सगळ्यांना सुट्टी होती.

"राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय हो अप्पा?" आनंदच्या धाकट्या बहिणीने, नीलाने, वकिलांना विचारलं. ती तेरा वर्षांची होती.

"म्हणजे झाडं तीच, वाघही तोच. फक्त आता त्याने तुला खाल्लं तर तीन प्रतींत अर्ज करावा लागेल."

महिपतने टायर गुळगुळीत झाल्याचं सांगून पाहिलं. वकिलांनी टायर बदलून आणले. पाऊस फार आहे म्हणून पाहिलं. पाऊस उघडला. शेवटी त्याने मनाची समजूत घातली की रस्ता अनोळखी असला म्हणून काय झालं, बाईसाहेब शेजारी आहेत. उलट अनोळखी रस्त्यावर त्या जास्तच बोलतील. त्याच्या डोक्यात तारीख होती, पंधरा. वार कोणता हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी गाडी दारात लागली. मागे खिडकीशी वकील, मग नीला, उत्तरा आणि आनंद; पायाशी पुऱ्या, वालाचं बिरडं आणि भाताचं पातेलं. श्रावण असल्याने मटण नाही याबद्दल वकिलांनी उत्तराच्या होणाऱ्या बाळाची रीतसर माफी मागितली. बाईसाहेब पुढे येऊन बसल्या. दार लावलं. आणि काहीच बोलल्या नाहीत.

महिपतने थोडा वेळ वाट पाहिली. "निघू का, बाईसाहेब?"

बाईसाहेबांनी हाताने पुढे चल अशी खूण केली. महिपतला डाव्या बाजूला काहीतरी पांढरं हललं एवढंच दिसलं.

"आज सोमवार ना महिपत," मागून उत्तरा म्हणाली. "आईंचा शेवटचा."

तेव्हाच खाली उतरून गाडीची किल्ली वकिलांच्या हातात द्यायला हवी होती, असं महिपत पुढे शेवंतीला पुष्कळदा म्हणाला. पण त्या सकाळी त्याने गियर टाकला.

माजिवड्यापर्यंतचा रस्ता पाठ होता. पुढे घोडबंदरच्या रस्त्याला दैवाने एक लाल एस.टी. समोर आली. महिपतने तिचं बूड धरलं ते सोडलं नाही. ती थांबली की हा थांबे, ती वळली की हा वळे.

"महिपत, पुढे घाल ना," आनंद म्हणाला. "तिचा सगळा धूर पोटात चाललाय."

"सरकारी गाडी हाय, दादासाहेब. मान द्यायला पायजे."

बाईसाहेबांचे हात मांडीवरून उठत होते, खिडकीकडे जात होते, पुन्हा मांडीवर पडत होते. गायमुखाच्या वळणावर त्यांनी एवढ्या खुणा केल्या की त्र्यंबकराव म्हणाले, "अगं, पोहतेस की काय?" सगळे हसले. महिपतही हसला आणि त्याने गाडी एस.टी.च्या आणखी जवळ नेली.

दोन तासांनी गाडी जंगलात शिरली आणि एस.टी. सुटली. वर झाडांचं छत, खाली ओला रस्ता, मधून उन्हाचे कवडसे. निरोगी डोळ्यांनाही फसवणारा तो प्रकार महिपतच्या डोळ्यांपुढे नुसता हिरवा चिखल होऊन पसरला. त्याने गाडी पायी चालल्यासारखी केली आणि गोड बोलून माहिती काढायला सुरुवात केली.

"नीलाताई, पुढं काय काय दिसतंय?"

"फुलपाखरू. केवढं मोठं. निळं आहे."

"व्हय का. आन रस्त्यावर?"

"रस्त्यावर काय असणार? रस्ता."

"वळतोय का सरळ जातोय?"

"महिपत, तू आज फार बोलतोयस," वकील म्हणाले.

"बाईसाहेब बोलत न्हाईत नव्हं, गाडीला करमंना," महिपत म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले.

आनंद उजवीकडची माकडांची टोळी उत्तराला दाखवू लागला. नीला तिच्या अंगावरून वाकली. वकीलही वाकले. रस्ता तिथे उतरून एका ओढ्यावरून जात होता. ओढ्यावर फरशी होती, म्हणजे पाणी वरून वाहून जाईल असा बिनकठड्याचा बसका पूल, कडेला चुना फासलेले दगड. आदल्या पावसाने डाव्या कडेचा एक मोठा लचका दगडांसकट नेला होता. फरशीवर वीतभर पाणी होतं. पाणी आणि रस्ता, महिपतला दोन्ही सारखंच चकाकताना दिसलं. आपण मधोमध आहोत असं समजून तो डाव्या कडेने चालला होता.

बाईसाहेबांनी ते पाहिलं. त्यांनी महिपतच्या दंडावर हात ठेवला आणि दाबला.

आणि महिपतच्या तोंडून आठ वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "दिसतंय, बाईसाहेब."

बाईसाहेबांनी हात काढून घेतला.

गाडीचं डावं चाक कडेवरून सुटलं आणि ती म्हातारी काळी गाडी सावकाश, कुशीवर वळावी तशी, ओढ्यात आडवी झाली. पाणी मांडीएवढंच होतं. वकिलांचं कपाळ फुटलं, नीला रडत होती, आनंदच्या मनगटाला मार बसला. उत्तरा नीलाच्या आणि वकिलांच्या अंगावर पडल्यामुळे तिला खरचटलंही नाही. बाईसाहेब सर्वांत खाली होत्या, दार आणि दगड यांच्यामध्ये. जंगलखात्याच्या लॉरीवरच्या माणसांनी त्यांना काढलं तेव्हा त्यांचा डावा पाय चुकीच्या दिशेला वळलेला होता. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं, कारण त्यांनी ओठ दातांत धरला होता.

बोरिवलीच्या इस्पितळात डॉक्टर विचारत होते, कुठे दुखतं, किती दुखतं. बाईसाहेब त्यांच्याकडे बघत होत्या. डॉक्टरांनी धक्क्याने वाचा गेल्याचं निदान केलं. आनंदला मान खाली घालून सांगावं लागलं की वाचा आहे, सोमवार आहे. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. हाड बसवतानाही आवाज आला नाही. बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून महिपत त्या आवाजाची वाट बघत उभा होता. दिवे लागल्यावर नर्सने चार घोट दूध पाजलं, उपास सुटला आणि आतून हलक्या आवाजात शब्द आले, "उत्तरा कशी आहे?"

हवालदाराने महिपतला विचारलं, काय झालं. महिपत म्हणाला, "ब्रेक लागलं न्हाईत."

वकिलांनी ते मान्य केलं. आठ वर्षांत ज्याने गाडीला ओरखडा पडू दिला नाही, त्याच्यावर संशय घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र गोव्याच्या गोळीबाराने भरलेलं होतं. ओढ्यात पडलेल्या गाडीला त्यात जागा नव्हती.

गाडी नौपाड्याला पोपट मिस्त्रीकडे गेली. आठवड्याने पोपट खोलीवर आला.

"महिपतदादा, ब्रेक नवे असल्यासारखे आहेत."

महिपतने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"मी वकिलांना काही बोललेलो नाही. तू म्हणशील तर ब्रेक बदलले म्हणून सांगतो. माझं काय जातं?"

"सांग तसंच," महिपत म्हणाला. शेवंती चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती वळली नाही.

म्हणजे महिपत सुटला होता. नोकरी शाबूत, खोली शाबूत, गाडी महिन्याभरात परत येणार होती. तो कदाचित तसाच राहिलाही असता, पण बाईसाहेबांना घरी आणलं. त्या माजघरात खाटेवर, पायाला वजन बांधून. घरभर शांतता. पहिल्याच दुपारी त्यांनी शेवंतीकडून महिपतला बोलावून घेतलं. तो उंबऱ्याशी उभा राहिला.

"आत ये. बस," बाईसाहेब म्हणाल्या. "मी पाहिलं होतं रे. फरशी फुटलेली मला दिसली होती. एक शब्द टाकला असता तर ब्रेकाबिकाआधीच गाडी थांबली असती. मी म्हटलं, हा सांगतोय दिसतंय, तर कशाला व्रत मोडू? सगळी म्हणतात त्याला डोळे आहेत, तू गप्प बस. बसले. रात्रंदिवस तेच डोक्यात येतं. माझ्यामुळे झालं."

महिपत जमिनीकडे बघत होता. जमीन पांढुरकी होती.

"बाईसाहेब, ब्रेक चांगलं हुतं," तो म्हणाला. "मला दिसत न्हाई."

"काय दिसत नाही?"

"रस्ता. तीन वरसं झाली. तुमी सांगत हुता, त्यावर चालवत हुतो."

बाईसाहेबांना ते कळायला वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते हसू होतं. "म्हणजे तू ऐकत होतास," त्या म्हणाल्या. "सगळं?"

"सगळं. त्या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या मुलाचं दुसरं लगीन झालं, त्ये बी."

बाईसाहेब हसल्या. हसल्याने पाय दुखला, त्यांनी खाटेची कड धरली. कड सोडली तेव्हा हसू गेलेलं होतं.

"माझी सून गाडीत होती, महिपत."

"व्हय."

"दोन गेली होती तिची आधी. तुला माहीत होतं."

"व्हय, बाईसाहेब."

"आणि तरी तू तिला घेऊन निघालास." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तो चढला असता तर महिपतला बरं वाटलं असतं. "मला एकदा सांगितलं असतंस. मी कोणाला काही बोलले नसते असं तुला वाटलं नाही, यात तुझी चूक नाही. पण सांगायला हवं होतंस. जा आता."

संध्याकाळी त्यांनी वकिलांना सांगितलं. वकील रागावले नाहीत. ते खोलीच्या दाराशी आले, दोन वेळा चष्मा पुसला आणि म्हणाले, "महिपत, गणपतीपर्यंत राहा. मग मात्र बघ बाबा." शेवंतीने गणपतीच्या आधीच सामान बांधलं. पिंपावरचं झाकण तेवढं राहिलं, ते हौसाबाई स्टेशनपर्यंत घेऊन धावली.

बाईसाहेब खाटेवरून उठल्या नाहीत. आधी पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ झाला. कार्तिकात त्या गेल्या. शेवटचा आठवडाभर त्या कोणाशी फारसं बोलत नव्हत्या. डिसेंबरात उत्तरा सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. ही बातमी कोपरला महिपतला पोपटने सांगितली, तो तिकडे एका ट्रकच्या कामाला गेलेला. महिपत पडवीत दोरखंड वळत बसला होता. त्याने मुलीचं नाव काय ठेवलं म्हणून विचारलं. पोपटला ते माहीत नव्हतं.

अठ्ठावन्न साली कल्याणला डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा शेवंती त्याला हाताला धरून घेऊन गेली. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले, "पाच-सहा वर्षांपूर्वी आणायला हवं होतं," एवढं म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.